नवा पेहराव

दिवाळी जवळ आली, की मध्यमवर्गीय घरात रंग काढायचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. रंग काढणे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. भिंती त्याच असतात, खिडक्या त्याच असतात, मोरीतली गळतीसुद्धा तीच असते. बदलतो तो फक्त वरचा पातळ लेप. पण तेवढ्याने घर नवे दिसू लागते, आणि पहिले दोन दिवस घरातली मंडळी आपल्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीपासून जपून चालतात. आतले काहीही न बदलता नवे झाल्याचे समाधान देणारी याहून सोपी युक्ती माणसाला अजून सापडलेली नाही.

यंदा मी मात्र रंग काढला तो, ज्याला भिंतीच नाहीत अशा घराला. हे घर म्हणजे माझी अनुदिनी.

२००८ साली, कॉलेजात नुकतीच नोकरीला लागले असताना, मी ती सुरू केली. महाजालावर आपल्या नावाची एक जागा घ्यायची, तीत सुचेल तेव्हा सुचेल ते लिहायचे आणि जगातल्या कोणीही येऊन वाचावे म्हणून दार उघडे टाकायचे, असा हा प्रकार. इंग्रजीत त्याला ब्लॉग म्हणतात. त्या वेळी आम्हां मराठीवाल्यांमध्ये त्याच्या बारशाची मोठी धांदल चालली होती. कोणी त्याला अनुदिनी म्हणे, कोणी जालनिशी. दोन्ही नावे गोड होती. पण पाळण्यातले नाव कागदोपत्री राहते आणि हाकेला दुसरेच नाव रुळते, तसे होऊन शेवटी सगळे ब्लॉगच म्हणू लागले. मी तेवढी हट्टाने अजून अनुदिनी म्हणते. वास्तविक अनुदिनी म्हणजे रोजची. माझी पहिल्या वर्षी आठवड्याची होती, मग महिन्याची झाली आणि अलीकडे अधिक मासासारखी केव्हातरी उगवते. तरीसुद्धा सतरा वर्षांत तिच्यात तीनशेच्या वर नोंदी साठल्या आहेत. उत्तरपत्रिकांतले विनोद, लोकलमधली भांडणे, आईच्या हातचे माइनमुळ्याचे लोणचे, एखाद्या पुस्तकावरचे टिपण; थोडक्यात म्हणजे पूर्वीच्या बायका जे शेजारणीला कठड्यावरून सांगत ते सगळे.

ह्या घराचा मूळचा रंग मी निवडलेला नव्हता. तो घराबरोबरच मिळाला होता. माझी अनुदिनी वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर चालते. तिच्यात २००५ पासून २०१० पर्यंत नवे घर मांडणाऱ्या प्रत्येकाला आपोआप एकच पेहराव मिळत असे. मायकेल हाइलमन नावाच्या एका डॅनिश रचनाकाराने तो बेतला होता आणि चित्रपट-दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक याच्यावरून त्याला ‘कुब्रिक’ असे नाव ठेवले होते. माथ्यावर गोलसर कोपऱ्यांची निळी पट्टी, तीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, खाली स्वच्छ पांढरे पान आणि उजव्या हाताला एक अरुंद स्तंभ. बस्स, एवढेच. माझ्याबरोबर एम. ए. केलेली एक मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी एकाच संध्याकाळी, एकमेकींना फोनवरून विचारत विचारत आपापल्या अनुदिन्या उघडल्या. दोघींच्याही माथ्यावर तीच निळी पट्टी आली. एकाच ताग्यातून दोन बहिणींना परकर शिवावेत तसे ते दिसे, आणि आम्हांला ते आवडलेही होते.

मग सतरा वर्षांनी तो बदलायचे कारण काय? कारण माझे बाबा.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदू काढून झाला आहे. पण डोळ्यांचे पडदे कमकुवत झाले आहेत. वर्तमानपत्र त्यांनी सोडले आणि फोन धरला, कारण फोनवर अक्षर मोठे करता येते. माझी अनुदिनी मात्र त्यांना फोनवर वाचता येईना. कुब्रिकचे पान ७६० ठिपके रुंद, म्हणजे त्या काळच्या टेबलावरच्या संगणकाच्या मापाने कापलेले. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर ते सबंध पान आक्रसून बसे आणि अक्षरांच्या मुंग्या होत. दोन बोटांनी ताणून अक्षर मोठे करावे, तर ओळ पडद्याबाहेर पळे. ओळ संपेपर्यंत पान डावीकडे सरकवायचे आणि पुढची ओळ शोधायला पुन्हा उजवीकडे आणायचे. बाबा एकदा म्हणाले, “अगं, ओळीच्या शेवटाला पोचतो तोवर पुढच्या ओळीचं तोंड सापडत नाही. जत्रेत हात सुटल्यासारखं होतं.” ते तक्रार करीत नव्हते. बाबांनी जन्मात कशाची तक्रार केलेली नाही. ते फक्त हळूहळू माझे लिहिलेले वाचायचे थांबले.

आपल्या लेखनाला वाचक किती, या प्रश्नाला प्रत्येक लेखक मोघम उत्तर देतो. माझे उत्तर मोघम नाही. माझे खात्रीचे वाचक अगदी थोडे आहेत, आणि त्यांतला एक असा गळून चाललेला मला परवडण्यासारखा नव्हता.

पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, “मावशी, पाच मिनिटांचं काम आहे. तुझी थीम जुनी झालीय. नवी टाकू.” घरी येणारा प्लंबरही पाच मिनिटेच सांगतो, हे मला ठाऊक होते, म्हणून मी तीन रविवार मोकळे ठेवले. ते तिन्ही पुरले नाहीत.

पण त्या वाक्यातल्या कामापेक्षा त्यातल्या एका शब्दाने मला जास्त चक्रावून टाकले. थीम! गेली अठरा वर्षे मी वर्गात मुलांना सांगत आले, की थीम म्हणजे आशयसूत्र. कथेतली पात्रे, प्रसंग, वर्णने ही सगळी बाजूला केली तरी तळाशी जे उरते ते. आणि इथे हा मुलगा थीम म्हणत होता ती कशाला, तर आशय तेवढा बाजूला केल्यावर जे उरते त्याला! रंग, अक्षराचे वळण, समास, शीर्षकाची जागा, कडेचा स्तंभ. समीक्षकांच्या दुनियेत थीम हा आत्मा, आणि संगणकवाल्यांच्या दुनियेत तोच शब्द अंगरख्याला! बरे, आत्मा अमर असतो आणि वस्त्रे जीर्ण होतात, एवढे तरी आपण सारे मानतो. इथे थीमच जीर्ण झाली होती.

मी भाच्याला म्हटले, “आशय आणि आकृतिबंध वेगळे करता येत नाहीत, असं मी परवाच एस. वाय.च्या वर्गात शिकवून आले.” तो म्हणाला, “इथे येतात. लेख एका ठिकाणी साठवलेले असतात, दिसायचे नियम दुसऱ्या ठिकाणी. नियम बदलले की सगळे तीनशे लेख एका क्षणात नव्या कपड्यांत. शब्दाला धक्का नाही.” आणि खरेच तसे असते. एक कळ दाबली, की सतरा वर्षांचे लेखन एकदम नवे लेऊन उभे राहते. नको वाटले तर दुसरी कळ दाबावी, पुन्हा जुने. आमच्या साहित्यशास्त्राने ज्या प्रश्नावर ग्रंथ खर्ची घातले, त्याचा निकाल या लोकांनी दोन कप्पे करून लावून टाकला होता!

नवी थीम निवडणे हे साडीच्या दुकानात बसण्यासारखे आहे. समोर घड्यांवर घड्या पडत जातात आणि शेवटी पहिली दाखवलेलीच बरी होती असे वाटू लागते. २०१० पासून वर्डप्रेसवाले बहुतेक दरवर्षी एक नवी थीम काढीत आले आणि तिला त्या त्या सालाचेच नाव देत आले. आपल्या दिवाळी अंकासारखेच. आणि दिवाळी अंकासारखाच एखाद्या वर्षी खाडाही पडतो. २०१८ ची थीम निघालीच नाही. याखेरीज बाहेरच्या लोकांनी केलेल्या थीमा हजारोंनी. प्रत्येकीचे नमुन्याचे पान इतके देखणे, की आपले लेखन त्या पानाच्या लायकीचे आहे का, अशी शंका यावी. पण त्या पानावर असते काय? धुक्यातला डोंगर, लाकडी टेबल, कॉफीचा कप आणि चार इंग्रजी शब्दांचे शीर्षक. बिल्डर नमुन्याची सदनिका दाखवतो तेव्हा तीत मुद्दाम लहान मापाचा पलंग ठेवतो असे म्हणतात, त्याची मला आठवण झाली. त्या सदनिकेत लोणच्याच्या बरण्या, दळणाचे डबे आणि आजोबांची आरामखुर्ची कुठे ठेवायची, हे आपण राहायला गेल्यावर कळते.

आमच्या बरण्या म्हणजे आमची देवनागरी. भाच्याने पहिली थीम चढवून दाखवली आणि मी दचकले. लेखांची शीर्षके फुटली होती! इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून हे रचनाकार अक्षराअक्षरांत थोडे अंतर सोडतात. रोमन अक्षरे मुळातच सुटी राहणारी. त्यांना त्याचे काही वाटत नाही. पण मराठी शब्द हे एका आढ्याखालचे एकत्र कुटुंब आहे. अंतर सोडताच शिरोरेषेचे तुकडे झाले आणि प्रत्येक अक्षर आपापला छपराचा तुकडा डोक्यावर घेऊन वेगळे उभे राहिले. वाडा पाडून फ्लॅट केल्यासारखे. भाच्याने कुठल्याशा नियमात अंतराच्या जागी शून्य लिहिले आणि सगळी बिऱ्हाडे पुन्हा एकत्र नांदू लागली.

मग दिसले, की दोन ओळींतली जागा इंग्रजीच्या बेताने ठेवलेली आहे. इंग्रजीला वर मात्रा नाहीत आणि खाली उकार नाहीत. आमच्या वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत पाय अडकवू लागले. ती जागा वाढवली. मग अक्षराचे वळण. जुन्या पानावर मराठी दिसे ती बहुधा ‘मंगल’ या टंकात. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तो रेखाटला होता, आणि विंडोजबरोबर आल्यामुळे तो घरोघर पोचला होता. नव्या पानासाठी आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ निवडला. तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो आणि मोठा केला तरी डोळ्यांना टोचत नाही. बाबांपुढे दोन्ही धरले, तेव्हा त्यांनी क्षणभरात ‘मुक्ता’वर बोट ठेवले.

थीमचे आणखीही काही हट्ट होते. प्रत्येक लेखाला एक मोठे छायाचित्र हवे, नाहीतर तिथे करडी चौकट रिकामी राहणार. उत्तरपत्रिकांवरच्या लेखाला मी कसले छायाचित्र लावू? ती चौकटच काढून टाकवली. प्रत्येक लेखाखाली ‘वाचनास लागणारा वेळ : ४ मिनिटे’ असेही येत होते. तो लेख लिहायला मला आठ दिवस लागले होते! वाण्याने भाजीचे वजन सांगावे तसे ते वाटले, तेही काढवले.

मात्र ज्यासाठी हा सारा खटाटोप होता ते काम थीमने चोख केले. २०१० साली ईथन मार्कॉट नावाच्या एका अमेरिकी रचनाकाराने लेख लिहून अशी कल्पना मांडली होती, की प्रत्येक पडद्यासाठी निराळे पान बेतण्यापेक्षा एकच पान असे बेतावे, की ते पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतःला आवरून किंवा पसरून घेईल. आता साऱ्या नव्या थीमा तशाच असतात. ह्या शोधाचे कौतुक जगाने जरूर करावे; पण आपल्या आज्यांनी तो केव्हाच लावला होता. शिवलेला झगा एकाच मापाला बसतो. नऊवारी लुगडे मात्र सासूला, सुनेला, लठ्ठ मावशीला आणि काडीसारख्या आत्याला सारखेच बसते. फक्त निऱ्या कमीजास्त होतात. कुब्रिक हा शिवलेला झगा होता. नवी थीम हे लुगडे.

लिहिलेल्याचा पेहराव बदलणे हे मराठीला काही नवे नाही. आपले जुने ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्यांत असत. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले आणि पुढे धार्मिक ग्रंथही छापले. पण लोकांना छापील वस्तूचा विटाळ वाटू नये म्हणून, असे सांगतात, की त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले. शिळाप्रेसवरच्या जुन्या पोथ्या पाहिल्या तर छपाई नवी, पण पाने आडवी, सुटी, पोथीचीच. नव्याने जुन्याचा पदर असा धरून ठेवला होता. मग हळूहळू पाने उभी झाली, पुठ्ठ्यात बांधली गेली. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार उरला नव्हता ते अनुस्वार गेले. माझ्या आजीच्या पत्रांत ‘नाहीं’वर आणि ‘कांहीं’वर पेरलेले ते टिंब आज कुठल्या नव्या पुस्तकात दिसत नाहीत. त्यामुळे पुस्तकांचे काही अडले नाही. आजीच्या पत्राला मात्र ते टिंब असल्याशिवाय आजीचे पत्र म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे.

ह्या सगळ्यात एक पथ्य मात्र मी पाळले. भाचा म्हणाला, “मावशी, हल्ली यंत्राला सांगितलं की ते जुने लेख घासूनपुसून देतं. तीनशेच्या तीनशे एका रात्रीत चकाचक!” मी नको म्हटले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलांमधून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. पण आपल्या पदरची ओवी कोणी तिच्यात घालू नये, असे कडक शब्दांत बजावून ठेवले. नाथांनी तो संयम एवढ्या थोर ग्रंथाच्या बाबतीत पाळला, म्हणून माझ्या लोणच्याच्या लेखाला तो नको असे थोडेच आहे? अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेले अठ्ठाविसाव्या वर्षाचेच राहू द्यावे. आपण आपल्या जुन्या छायाचित्रातली वेणी बदलत नाही.

इथपर्यंत सगळे हसतखेळत चालले होते. अडले ते कडेच्या स्तंभापाशी.

नव्या थीमला तो स्तंभच नव्हता. फोनवर त्याला जागा नसते, आणि आता सगळेच फोनच्या बेताने चालते. जुन्या स्तंभात काय काय होते ते मी नीट पाहिले. एक दिनदर्शिका होती. किती लोक आले ते मोजणारा आकडा होता. माशांची एक हलती काचपेटी होती. ती ज्या फ्लॅश नावाच्या तंत्रावर चाले ते २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि तेव्हापासून मासे जाऊन तिथे नुसती पोकळी राहिली होती. ह्या वस्तू गेल्या तर मला वाईट वाटणार नव्हते. पण सर्वांत खाली एक यादी होती. तिला मी ‘शेजार’ असे नाव दिले होते.

त्या काळी अशी यादी ठेवायची रीतच होती. आपल्याला आवडणाऱ्या दुसऱ्यांच्या अनुदिन्यांची नावे कडेला मांडायची. आपल्याकडे आलेला वाचक जाताना त्यांच्याकडे डोकावून जाई, त्यांच्याकडचा आपल्याकडे येई. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी खास सोय होती. २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीपासून नव्या घरांत ती सोय दिसेनाशी झाली. लोक शेजार सोडून फेसबुकच्या भरलेल्या मैदानात राहायला गेले होते. माझे घर जुने, म्हणून माझ्याकडे ती टिकून होती.

यादीत २३ नावे होती. भाच्याने एकेक दार वाजवून पाहिले. नऊ दारे उघडलीच नाहीत. एका पत्त्यावर आता कोणी परके दुकान थाटून बूट विकत होते. अकरा घरे उघडी होती, पण कित्येक वर्षांत कोणी काही लिहिलेले नव्हते. दोघे अजून लिहीत होते. भाचा म्हणाला, “मावशी, काढून टाकू यादी. तुटके दुवे ठेवण्यात काय अर्थ आहे?” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. पण त्या अकरा घरांपैकी एक माझ्या मैत्रिणीचे होते.

ती २०१२ साली गेली. तिची शेवटची नोंद त्याच वर्षीच्या श्रावणातली आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी कशी करावी, यावर. त्या नोंदीत आजारपणाची एक ओळसुद्धा नाही. फुकटच्या जागेत तिने घर मांडले होते. म्हणून भाडे थकले असे कोणी म्हटले नाही आणि घर तसेच उभे राहिले. मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी तिथे गेले. तीच गोल कोपऱ्यांची निळी पट्टी. तोच पांढरा कागद. उजव्या स्तंभात तिचीही एक यादी आहे. तिला तिने नाव दिले आहे ‘माहेर’, आणि तीत पहिले नाव माझे आहे.

मला तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी जुन्या पानाला धरून होते, ती आळसामुळे नव्हे. तेरा वर्षे आम्ही दोघी त्या एकाच निळ्या पट्टीखाली होतो. माझे पान उघडले की तिचे आठवे. आता तिची पट्टी निळीच राहणार. ती कोणी बदलायची? मी माझी बदलू शकते. बदलता येते, हाच तिच्यात आणि माझ्यात फरक उरला आहे. भाचा म्हणतो ते खरे, की नियम बदलले तरी शब्दाला धक्का लागत नाही. पण वर्षानुवर्षे एखाद्या पेहरावात वावरले, की त्या पेहरावालाही स्वतःचा आशय चढतो, आणि तो मात्र दुसऱ्या कप्प्यात साठवलेला नसतो. वर्गात मी शिकवते ते एवढ्यापुरते तरी खोटे नव्हते.

भाच्याचा आणखी एक बेत होता. नवा पेहराव आहे, तर पत्ताही नवा घेऊ, छोटा, सुटसुटीत. जुन्या पत्त्याचे वर्षाचे भाडे भरायचे बंद करू. त्यावर मी त्याला म्हटले, “रंग तू म्हणशील तो दे. पत्ता हाच राहील.” तो म्हणाला, “का गं? तुझ्या वाचकांना नवा पत्ता कळवता येईल की.” मी म्हटले, “एका ठिकाणी कळवता येणार नाही.” मी त्याला ते ‘माहेर’ दाखवले. तिथले माझे नाव जुन्या पत्त्याकडे बोट दाखवते. मी पत्ता सोडला तर उद्या तिथे कोणी बूट विकायला बसेल, आणि तिच्या घरात येऊन ते बोट दुरुस्त करणारे कोणी नाही. भाचा जरा वेळ काही बोलला नाही. मग त्याने जुन्या पत्त्याचे भाडे पाच वर्षांचे एकदम भरून टाकले. पैसे किती झाले ते मला अजून सांगितलेले नाही.

यादीचेही त्यानेच जमवले. कडेचा स्तंभ नाही, तर ‘शेजार’ नावाचे एक वेगळे पान केले आणि त्याची वाट प्रत्येक लेखाच्या तळाशी ठेवली. जी दारे उघडत नाहीत तिथला दुवा काढला, पण नाव ठेवले. जुन्या वाड्यांत बिऱ्हाड गेल्यावरही दारावरची पाटी काही वर्षे राहत असे, तशी. मैत्रिणीचे नाव सर्वांत वर आले. मी सांगितले नव्हते.

गणपतीच्या दिवसांत नवे पान सुरू झाले. बाबांना वाटले होते, की काहीतरी भव्य पाहायला मिळेल. फोन हातात घेऊन त्यांनी बराच वेळ वाचले आणि म्हणाले, “काय बदललंस? मला तर नुसतं वाचता येतंय.” यापेक्षा मोठी पावती मला नको होती. आता ते रोज दुपारी एक लेख वाचतात, २००८ पासून क्रमाने. मध्येच फोन करून विचारतात, की अमक्या लग्नात जिलबी नव्हती, बुंदी होती, तू चुकीचं का लिहिलंस? मी सांगते, की बाबा, लिहिलं ते राहू दे.

परवा त्यांचा फोन आला. लेखाच्या तळाशी त्यांना ‘शेजार’ दिसला होता. तिथून ते वरच्या नावावर गेले आणि माझ्या मैत्रिणीच्या घरी पोचले होते. ती आमच्याकडे कितीदा जेवायला असे. बाबांना ती चांगली आठवते.

“तिचं पान उघडलंय,” बाबा म्हणाले. “पण अक्षरं पूर्वी तुझी दिसायची तशी दिसतायत. मुंग्या. ते काही बदलता येणार नाही, नाही का?”

“नाही, बाबा.”

“मग संध्याकाळी येशील तेव्हा वाचून दाखव. दोडक्याच्या शिरा एवढं वाचता आलंय मला. पुढे काय आहे?”

संध्याकाळी गेले. त्यांच्या शेजारी बसून तिची ती चटणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचली. बाबा म्हणाले, “तीळ आधी भाजायचे, हे बरोबर लिहिलंय तिनं.”